क्रमांक सतराच्या पेशी

सकाळचा उजेड त्या इमारतीत पूर्वेच्या जिन्याने येत असे. जिन्याला उंच खिडकी होती आणि खिडकीबाहेर उघडा माळ. उन्हाच्या वाटेत कसलीच आडकाठी नव्हती, तरी ते कधी घाईने आत आलं नाही. आधी ते काचेतच थांबे. काचेवरची धूळ तांबूस होई, मग पिवळी, मग दिसेनाशी. त्यानंतर उन्हाची एक पट्टी सर्वांत वरच्या पायरीच्या कडेला येऊन टेके आणि तिथून एकेक पायरी उतरू लागे. पायऱ्या काळ्या कडाप्प्याच्या होत्या, नुकत्याच फिनेलच्या पाण्याने पुसलेल्या. ज्या पायरीवर ऊन पोचे तिचं ओलेपण आधी चमके, मग कडेकडून सुकत मधोमध आक्रसत जाई; शेवटी बोटाच्या पेराएवढा ओला ठिपका उरे, आणि पाहणाऱ्याने पापणी लववली की तोही नसे. मग ऊन पुढची पायरी उतरे. त्याचा आवाज होत नसे, पण नीट कान दिला तर होतो आहे असं वाटे.

अभिनंदन चौगुले रोज कामाच्या वेळेआधी अर्धा तास येऊन खालून पाचव्या पायरीवर बसे, तो एवढं पाहण्यासाठी. ज्या खोल्यांत तो दिवसभर काम करी त्यांना खिडक्या नव्हत्या. तिथे हवा गाळून येई, उजेड छतातून येई, आणि सकाळ कुठूनच येत नसे.

त्या गुरुवारी ऊन पाचव्या पायरीवर, त्याच्या गुडघ्यांवर, पोचलं तेव्हा अक्काच्या, त्याच्या थोरल्या बहिणीच्या, पेशी इन्क्युबेटरमधून बाहेर येऊन खालच्या व्हरांड्यात रांगेने उभ्या होत्या.

त्याने त्या ओळखल्या, कारण ओळखण्यात अवघड काही नव्हतं. उंचीने त्या माणसाएवढ्या होत्या. अंगात पायांपासून डोक्यापर्यंत पांढरा सूट, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा: निर्जंतुक क्लीनरूममध्ये जाणारं कोणीही असंच दिसतं. प्रत्येकीच्या छातीवर डाव्या बाजूला फ्लास्कवरचं लेबल होतं. राजमती आदगोंडा पाटील. क्रमांक सतरा. लेबलावरचं अक्षर त्याचंच होतं. व्हरांड्यात दीड-दोनशे दिसत होत्या; उरलेल्या वळणापलीकडे असाव्यात, कारण आदल्या दिवशीची मोजणी अठरा कोटींची होती.

 उठावं असं त्याला वाटलं, पण उठणं म्हणजे नेमकं काय करायचं असतं ते आठवेना.

रखवालदार बिराजदारमामा रांगेच्या कडेकडेने, अंग चोरत, वर आले.

"साहेब, गेटपास कुणाकडंच नाही," ते म्हणाले. "आणि बाहेरनं आत आल्याचं रजिस्टरला काय नाही. म्हणजे आतनंच आल्यात. मग मी लिहू काय?"

"काही लिहू नका, मामा."

"एकीनं मनगाट धरलं हो माझं. नाडी बघत्यात तसं. धरलं, बघितलं, सोडलं." मामांनी मनगट उन्हात धरून उलटसुलट केलं. "ह्याला आता पास म्हणायचं का नापास?"

"सोडलं म्हणजे पास."

"बरं झालं बाबा. शाळेत कधी झालो न्हवतो."

अभिनंदन शेवटी उठला आणि खाली उतरला. त्याने एकीजवळ जाऊन हात पुढे केला, मामांसारखंच आपलंही मनगट ती तपासेल म्हणून. तिने हाताकडे पाहिलंही नाही. ती बाजूला झाली. तिच्यामागची झाली, तिच्यामागचीही झाली, आणि सगळा व्हरांडा मधोमध दुभंगून त्याच्यासाठी वाट झाली. घरच्या माणसाला कोणी दारात अडवत नाही. आपण अक्काचे भाऊ आहोत हे यांना कळतं, असं त्याच्या मनात आलं.

त्यांचं काम काय, हे त्याला पाठ होतं. अक्काला रक्ताचा कर्करोग होता. दोन औषधं हरली होती. तेव्हा तिच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढून, या संस्थेत आणून, त्यांना एक खूण शिकवायची ठरली. ती खूण फक्त रोगी पेशींच्या अंगावर असते. खूण दिसेल तिला संपवायचं, न दिसेल तिला सोडायचं. शिकवून झाल्यावर त्यांना चौदा दिवस वाढवायचं आणि पंधराव्या दिवशी पिशवीत भरून अक्काच्या शिरेतून परत सोडायचं. आज पंधरावा दिवस होता. वेळ दहाची होती. नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून गेले चार दिवस औषध देऊन अक्काच्या अंगातली जुनी फौज झाडून काढली होती. याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत ती पडून होती, आणि तिच्या आत राखणीला आता कोणीच नव्हतं. या पेशी पोचल्या तर ती जगणार होती. नाही पोचल्या तर साधी सर्दीही तिला पुरली असती.

"चौगुले, ही कुठल्या शाळेची सहल?"

तबस्सुम मुजावर दारात उभी होती. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, कामाने वरिष्ठ. तो तिला आपा म्हणे. तिच्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हाताचं मनगट एका पेशीच्या हातात होतं. पेशीने ते सोडलं तेव्हा आपाने तिच्याच सुटाला हात पुसला.

"अक्काच्या आहेत," अभिनंदन म्हणाला.

"ते लेबलावर आहे. मी वाचलं." तिने डबा खाली ठेवला. "तू सांग."

त्या प्रयोगशाळेची एक रीत होती. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांच्या पेशी सारख्याच दिसतात. राजाच्या आणि रखवालदाराच्या ओळखू येत नाहीत. फरक असतो तो फक्त नावात. म्हणून फ्लास्क उघडायचा असो, अन्न बदलायचं असो, की नुसती जागा हलवायची असो, दर वेळी दोन माणसं लागत. एकाने लेबल मोठ्याने वाचायचं. दुसऱ्याने आपल्या कागदाशी ताडून म्हणायचं, "जुळतं." तो शब्द येईपर्यंत कोणी बोट हलवायचं नाही. आणि दोघांपैकी कोणीही "जुळत नाही" म्हटलं, तर जे जिथे असेल ते तिथेच थांबायचं. उचललेला हात उचललेलाच राहायचा, आणि पहिल्याने पुन्हा मुळापासून वाचायचं. नातेवाइकाने आपल्या माणसाच्या बॅचला हात लावू नये असाही नियम होता, पण हे काम येणारी माणसं दोनच होती.

अभिनंदन मुळात हळू बोले. कँटीनमध्ये त्याला दुसऱ्यांदा मागितल्याशिवाय चहा मिळत नसे. गेले चौदा दिवस तो रोज बहिणीचं नाव खणखणीत आवाजात घेत होता, आणि समोरून आपा म्हणत होती, जुळतं.

फक्त नववा आणि दहावा दिवस सोडून. ते दोन दिवस ती भाचीच्या निकाहाला जतला गेली होती.

"आठव्या दिवशी मी निघाले तेव्हा मोजणी चार लाख," आपा म्हणाली. तिला आकडे पाहावे लागत नसत. "आणि रोज खाली येत होती. अकराव्या दिवशी मी आले तर तीन कोटी. पेशी दुप्पट होतात, चौपट होतात, चौगुले. उडी मारत नाहीत."

"अन्न बदललं होतं मी."

"वाचलं कोणी?"

"मी."

"आणि जुळतं कोण म्हणालं?"

अभिनंदनने व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. रांग हलू लागली होती. "आपा, त्या निघाल्या," तो म्हणाला.

तळमजल्यावरच्या बसायच्या हॉलमध्ये पाहुणे आले होते.

तेही कोणी परके नव्हते. अक्काच्या रोगी पेशींचे नमुने तपासणीसाठी शीतपेटीत ठेवलेले असत. ते बाहेर येऊन सगळ्या खुर्च्या अडवून बसले होते. जाडजूड, गुळगुळीत, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं. चपला काढून पाय वर घेतलेले, मांडीवर डबे उघडलेले. एक जण शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणे, "बसा हो, बसा, कुठे जायचंय," आणि तेवढं म्हटल्याबरोबर तिथे त्याच्यासारखाच दुसरा बसलेला असे. मग तो दुसरा पलीकडच्या जागेला म्हणे, बसा.

"काय चौगुले," पहिला म्हणाला, "बहिणीकडूनच आलो आत्ता. लाघवी बाई हो. कुणाला जा म्हणवत नाही तिला."

गेली दीड वर्षं अभिनंदनने या लोकांना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं, पण त्यांना आवाज असेल, आणि तो असा गोड असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

पांढऱ्या सुटांतल्या पेशी आत आल्या. त्यांनी पाहुण्यांची मनगटं धरली, एकीने एक.

"अहो, आत्ताच तर टेकलो," पहिला पाहुणा म्हणाला.

या वेळी हात सुटले नाहीत. पाहुण्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि त्याच्यामागचा चेहरा ओसरला. उशीतून कापूस काढून घ्यावा तसा तो आतून कमी कमी होत गेला, गळ्यापाशी, मग खांद्यांशी, मग पोटाशी. कुकरची वाफ शेवटी जाते तसा बारीक आवाज आला, आणि खुर्चीत घडी घातलेले कपडे उरले. त्यावर डबा. डब्यातली भाजी अजून गरम होती. मग पुढची खुर्ची. मग त्यापुढची. एकाही पाहुण्याने आरडाओरडा केला नाही. प्रत्येकाने फक्त "आत्ताच तर" एवढं म्हटलं.

हॉल रिकामा झाला तेव्हा अभिनंदन भिंतीला पाठ लावून रडत होता आणि आपाने त्याचा दंड घट्ट पकडला होता.

"चाललं रे," ती म्हणत होती. "अभि, चाललं! एक उरला नाही."

"मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "बघा. मी म्हणालो होतो ना."

त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा क्षण होता. त्याची लांबी त्याने नंतर मोजली, सहा श्वास.

सातव्या श्वासाला हॉलमधल्या पेशी थबकल्या. शिकवलेलं काम संपलं होतं. आणि शिकवलेलं संपल्यावर त्यांना न शिकवलेलं आठवू लागलं: शिकवण्याच्याही आधीपासून त्यांना जे ठाऊक होतं ते, आपलं कोण आणि परकं कोण. त्यांनी खुर्च्यांना हात लावून पाहिला. कुंडीतल्या झाडाचं पान दोन बोटांत धरून पाहिलं. पान पांढरं झालं. मग एकीने पुन्हा तबस्सुमआपाचं मनगट धरलं. एकदा तपासून सोडलेलं मनगट.

"झालं की गं माझं," आपा म्हणाली. पेशीने सोडलं, पण उशिरा, मनाविरुद्ध.

संस्थेचे प्रमुख डॉ. उकिडवे त्याच वेळी लिफ्टमधून बाहेर आले. शर्टाच्या खिशाला पेन, हातात दहा वाजता सही करायचा कागद. त्यांनी हॉलमधल्या गर्दीकडे चष्म्यावरून पाहिलं.

"चौगुले, बॅच वर न्यायची ती पिशवीतून," ते म्हणाले. "चालत नाही न्यायची."

तेवढ्यात एकीने त्यांचा उजवा हात धरला. डॉक्टरांनी सवयीने नाडी मोजू द्यावी तसा तो देऊ केला. मामांना दोन क्षण लागले होते. इथे चार झाले, पाच झाले. डॉक्टरांची बोटं पांढरी पडली, मग पातळ, मग त्यांतून मागचा कागद दिसू लागला. नखं नुसती काढल्यासारखी उरली.

"माझ्या अंगावर खूण नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात वेदना नव्हती, अपमान होता.

"नाही, सर," आपा म्हणाली.

"मग ही मला का धरून आहे?" त्यांनी अभिनंदनकडे पाहिलं. "चौगुले, या कोणाच्या?"

"अक्काच्या, सर. राजमती पाटील. सतरा."

"मग यांना मी परका, आणि तू नाहीस? सुट्या अवस्थेत त्या कोणालाही परकं म्हणतील हे मान्य. पण तिच्या अंगात गेल्यावर तीही," आणि इथे ते थांबले, कारण वाक्य पुढे कुठे जातं ते त्यांना दिसलं. त्यांनी हात हिसकला. तो सुटला, आणि वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा कोपरापासून खाली लोंबत राहिला. त्यांनी त्याच्याकडे काही वेळ पाहिलं.

"सही डाव्या हाताने करावी लागेल," ते म्हणाले, आणि खुर्चीत, कोणाच्या तरी घडी घातलेल्या कपड्यांवर, बसले. "मी ती करणार नाही."

पेशींना सहीची गरज नव्हती. त्या वर निघाल्या होत्या.

जिना त्यांना अपुरा पडला. पण शेजारच्या विभागात मूलपेशींच्या बरण्या होत्या. ज्यांना काय व्हायचं ते अजून कोणी सांगितलेलं नसतं, आणि त्यामुळे ज्या काहीही होऊ शकतात, अशा. त्या बरण्यांमधून बाहेर पडल्या आणि जिथे जे कमी पडत होतं ते झाल्या. काही पायऱ्या झाल्या, काही कठडा झाल्या, काही दिव्याचं बटण. पुरेशा पायऱ्या झाल्यावरही त्यांना थांबायला कोणी सांगितलं नाही, म्हणून त्या होतच राहिल्या. अभिनंदन आणि आपा वर चढत गेले. प्रत्येक वळणावर "तिसरा मजला" अशी पाटी होती आणि प्रत्येक पाटीनंतर आणखी जिना होता. कडाप्पा जाऊन पायाखाली काहीतरी मऊ आलं. भिंती कोमट झाल्या. हात टेकला तर आत ठोका लागत होता, अक्काचा, जलद आणि बारीक. परवा त्याने तिची नाडी मोजली होती, म्हणून त्याला तो कळला. वाट अरुंद झाली. आधी दोघांना शेजारी चालता येईना, मग सरळ चालता येईना. ते भिंतीला पाठ घासत आडवे सरकू लागले. पुढे-मागे पांढरे सूट. ते अभिनंदनला जागा देत होते. आपाला देत नव्हते.

"अभि," आपा मागून म्हणाली, "माझा हात धरलाय एकीने. सोडत नाही."

"जोरात ओढा, आपा."

"ओढून काय होतंय? तू थांबव त्यांना. तुझं ऐकतात त्या."

"दहा वाजत आले."

"अभि, नवव्या दिवशी फ्लास्कमध्ये काय घातलंस?"

"अन्न."

"सख्ख्या भावंडांतसुद्धा चारांत एकाच्याच पेशी जुळतात!" ती ओरडली. भिंत तिच्या ओरडण्याने आक्रसली आणि पुन्हा सैल झाली. "मला चार्ट काढून तूच शिकवलं होतंस, गाढवा! लाल पेन्सिलीने!"

 त्याला तो चार्ट आठवत होता. लाल पेन्सिल मात्र आठवत नव्हती, आणि त्याने सगळं लक्ष पेन्सिलीवर ठेवलं.

तेव्हा तबस्सुमआपाने मोठा श्वास घेतला आणि क्लीनरूममधल्या आवाजात म्हटलं, "जुळत नाही."

सगळं थांबलं. चढणारे पाय पायरीच्या वर अधांतरी राहिले. भिंतीतला ठोकाही थांबला. अठरा कोटी चष्मे अभिनंदनकडे वळले. आता पहिल्याने मुळापासून वाचायचं होतं. खरं जे असेल ते.

त्याच्या पुढ्यातल्या पेशीच्या छातीवरचं लेबल त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होतं. त्याला काचेच्या खोलीतली अक्का दिसली, झाडून रिकामी केलेली. या इथेच थांबल्या तर तिच्याकडे कोणीच पोचणार नव्हतं. आज नाही, कधीच नाही.

"राजमती आदगोंडा पाटील," त्याने वाचलं. "क्रमांक सतरा."

आपा गप्प राहिली.

भिंतीतला ठोका अजून येत नव्हता. अभिनंदनने डोळे मिटले.

"जुळतं," तो म्हणाला.

पाय खाली टेकले. रांग पुढे सरकली. तो आणि आपा यांच्यामधल्या फटीत मूलपेशींचा एक लोट आला आणि, काय व्हायचं ते इतरांचं पाहून, भिंत झाला. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, उशीतून यावा तसा.

"अरे, ती तुझी बहीण आहे!"

"म्हणूनच," अभिनंदन म्हणाला. ते फार हळू म्हटलं गेलं. पलीकडे ऐकू गेलं नसावं.

वाट कॉटपाशीच संपली. काचेची खोली अशी उरलीच नव्हती. कॉट होती, सलाईनचा स्टँड होता, आणि भोवती सगळीकडून दाटून आलेली ती कोमट भिंत. अक्का उशीला टेकून बसली होती. डोक्याला लोकरीची टोपी, चेहरा हळद उतरल्यासारखा. ती शाळेत शिकवायची, आणि आजारातही तिच्या आवाजातला वर्ग सुटला नव्हता.

"आलास व्हय, अभ्या? किती उशीर. आणि ही एवढी सगळी कोण?"

"तुझ्याच आहेत, अक्का. तुझ्या पेशी."

"किती?"

"अठरा कोटी."

"आणि आपल्याकडं कप सहा," अक्का म्हणाली. "तुझ्या दाजींना सांग, दूध जरा जास्त आणा म्हणावं."

तो हसला. हसताना त्याचे दात वाजले.

अक्काने टोपी सारखी केली आणि दाराकडे, म्हणजे जिथे दार असायचं तिकडे, पाहिलं. पेशी तिथे थांबल्या होत्या. वाटेत कोणालाही न विचारता मनगटं धरणाऱ्या त्या पेशी आता पुढे यायला तयार नव्हत्या. पहिलीने दुसरीला पुढे केलं, दुसरी पहिलीच्या मागे गेली. सगळ्यांच्या माना खाली होत्या. एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवून त्या उभ्या होत्या, आणि पांढऱ्या हातमोज्यांतला उजवा अंगठा डाव्या हाताची नखं एकामागून एक दाबत होता. मागे जितकं दिसत होतं तितकं सगळीकडे तेच: खाली माना, दाबली जाणारी नखं.

अक्का बराच वेळ पाहत राहिली. मग तिने भावाकडे पाहिलं. तोही तसाच उभा होता.

"माझ्या कशा असतील ह्या?" ती म्हणाली. "मी जन्मात कधी कुणाच्या दारात अशी थांबले का?"

 अभिनंदनला अजून दोन शब्द म्हणता आले असते. त्याने तोंड उघडलंही. ते शब्द म्हटले की पुढे विचारलं जाणार होतं, का जुळत नाही. आणि त्याचं उत्तर त्याने स्वतःलाही दिलेलं नव्हतं. तोंड उघडंच राहिलं. भिंती आणखी जवळ आल्या. एक कोपर त्याच्या बरगडीला लागलं, ते भिंतीचं होतं.

"अक्का, हात आत घे," एवढंच तो म्हणाला.

"का रे? लाजतायत बिचाऱ्या." आणि तिने हात पुढे केला, सुया टोचून निळा झालेला, तळवा वर. "ये गं. ये, घाबरू नको. बघ काय बघायचं ते."

पहिली पेशी पुढे आली. तिने चष्मा वर केला नाही, मास्क काढला नाही. तिने अक्काचं मनगट दोन्ही हातांत धरलं, अतिशय हळुवार, आणि मान कलती करून ती आत काहीतरी ओळखीचं शोधू लागली.

अभिनंदन मोजत होता. दोन. तीन. पाच. आता सोडेल. सात. तिच्यामागची दुसरी पुढे आली आणि तिने अक्काचा दुसरा हात धरला. नऊ. मग तिसरी आली, तिने पाऊल धरलं.

"गार हात आहेत गं तुमचे," अक्का म्हणाली. तिच्या बोटांची टोकं पांढरी झाली होती, आणि त्यांतून चादरीवरची निळी रेघ दिसू लागली होती. ती रेघ पाहून तिने डोळे मोठे केले, पण हात मागे घेतला नाही. "अभ्या, ही सोडत का नाही?"

नवव्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता फ्लास्कमधली अक्काची शेवटची पेशी मेली होती. तिच्या नावाच्या लेबलाखाली त्यानंतर जे शिकलं आणि वाढलं, ते अभिनंदनच्या रक्तातलं होतं.